शर्यतीच्या मोटारीचे सक्रिय सस्पेन्शन : एका प्रश्नाचा आढावा

१९९३ साली फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाच्या सोळा शर्यती झाल्या, आणि त्या सोळाही अशा गाड्यांनी जिंकल्या की ज्यांची जमिनीपासूनची उंची स्प्रिंगच्या स्वभावावर न सोडता संगणकाच्या हुकमाने राखली जात होती. पुढच्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीपासून या यंत्रणेस सक्त मनाई झाली आणि तीस वर्षे उलटून गेली तरी ती मनाई कायम आहे. एखादे तंत्र अपेशी ठरल्यामुळे मागे पडावे, हा यंत्रविद्येच्या इतिहासातील नित्याचा प्रकार होय. परंतु जे तंत्र यशाच्या शिखरावर असतानाच दप्तरबंद केले गेले आणि ज्याच्या पुनरागमनाची चर्चा दर काही वर्षांनी नव्याने उपस्थित होते, असे उदाहरण विरळा. दरम्यान तेच तंत्र निराळ्या मार्गाने रस्त्यावरच्या महागड्या व वेगवान गाड्यांत शिरले आणि तेथे त्याला कोणाची हरकत नाही. या प्रश्नाची आजची स्थिती काय आहे, कोणत्या पक्षाचे म्हणणे काय आहे आणि कोणते मुद्दे अद्याप अनिर्णित आहेत, हे क्रमाने मांडण्याचा या लेखाचा उद्देश आहे. प्रारंभीच एक मत नोंदवून ठेवतो, कारण पुढील विवेचनाचा रोख त्यावर अवलंबून आहे : या वादात दोन भिन्न प्रयोजने एकाच नावाखाली वावरत असतात, आणि बराचसा गोंधळ ती वेगळी न केल्यामुळे उद्भवलेला आहे.

मूळ अडचण

सस्पेन्शनकडून ज्या दोन कामांची अपेक्षा असते, ती परस्परविरोधी आहेत. खळगा वा उंचवटा आला असता चाकाने त्याचा माग घ्यावा, टायरवरील भार शक्य तितका सारखा राहावा आणि धक्का सांगाड्यापर्यंत पोचू नये, यासाठी स्प्रिंग मऊ हवी. उलटपक्षी ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाऊ नये, वळणावर तिचे अंग बाहेरच्या बाजूस कलू नये आणि वेगाबरोबर वाढणाऱ्या हवेच्या दाबाने ती जमिनीवर बसू नये, यासाठी स्प्रिंग कडक हवी. पहिल्या प्रकारची बले खालून, चाकामार्फत येतात. दुसऱ्या प्रकारची वरून, सांगाड्यावर पडतात. साधी स्प्रिंग आणि साधा शॉक अब्सॉर्बर यांना आपण किती दाबले गेलो आणि किती वेगाने, एवढेच कळते. दाबणारे बल कोणीकडून आले हे कळण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही. म्हणून प्रत्येक निष्क्रिय सस्पेन्शन हा एक तह असतो, आणि शर्यतीच्या गाडीत त्या तहाच्या अटी नेहमी कडकपणाच्या बाजूने झुकलेल्या असतात.

यात आणखी एक गुंता आहे. चार चाकांच्या हालचाली चार प्रकारे एकत्र येतात : चारही चाके एकदम वरखाली होतात, पुढची व मागची उलट दिशांनी जातात, डावी व उजवी उलट दिशांनी जातात, किंवा समोरासमोरच्या कोनांतील चाकांच्या जोड्या एकमेकींविरुद्ध जाऊन गाडीला पीळ पडतो. आदर्श सस्पेन्शनने या चारही हालचालींना वेगवेगळा प्रतिसाद द्यावयास हवा, आणि विशेषतः पिळाला तर मुळीच विरोध करू नये, कारण त्या विरोधाने चाकांची जमिनीवरील पकड मात्र कमी होते. प्रत्येक कोपऱ्यात एकेक स्प्रिंग आणि जोडीला अँटी-रोल बार असलेल्या गाडीत हे स्वातंत्र्य नाही. एक गुण सुधारावयास जावे तर दुसरा बिघडतो. सक्रिय यंत्रणेत सेन्सर उंची, भार व त्वरण मोजतात, संगणक त्या चार हालचालींचा स्वतंत्र हिशेब करतो आणि पंपाने दाबाखाली ठेवलेले तेल व्हॉल्व्हमधून प्रत्येक चाकाच्या ॲक्च्युएटरकडे सोडले किंवा परत घेतले जाते. बाहेरून ऊर्जा आणून सांगाड्याला ढकलण्याची वा ओढण्याची ही क्षमता हेच सक्रियतेचे खरे लक्षण.

सिद्धान्ताच्या बाजूने दोन निष्कर्ष येथे नमूद केले पाहिजेत. डीन कार्नॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली असे दाखविले की, शॉक अब्सॉर्बरचे एक टोक चाकाऐवजी जणू स्थिर आकाशाला बांधलेले आहे अशा रीतीने त्याचे बल बदलता आले, तर सांगाडा कितीतरी शांत राहतो. आणि या आदर्शाच्या पुष्कळ जवळ जाण्यासाठी बाहेरची ऊर्जा लागतच नाही, केवळ शॉक अब्सॉर्बरचा विरोध क्षणोक्षणी कमीजास्त करता आला तरी पुरते. अर्धसक्रिय सस्पेन्शनचा सारा व्यापार या निष्कर्षावर उभा आहे. दुसरा निष्कर्ष मर्यादेचा आहे. चाकाचे वस्तुमान आणि टायरचा ताठरपणा यांच्या मेळाने ठरणाऱ्या एका कंपनसंख्येला – सामान्य गाडीत ती सेकंदाला दहाच्या आसपास असते – रस्त्याचा जो धक्का सांगाड्यापर्यंत पोचतो, तो सस्पेन्शनमध्ये कितीही चतुर यंत्र बसविले तरी बदलत नाही, हे हेड्रिक आणि बुत्सुएन यांनी १९९० साली स्पष्टपणे मांडले. टायर हीच एक स्प्रिंग आहे आणि ती संगणकाच्या ताब्यात नाही. सक्रिय सस्पेन्शन सर्व काही करू शकते या समजुतीला त्यामुळे कायमची खीळ बसते.

हवेचा हिस्सा

तथापि शर्यतीच्या गाडीत सक्रिय सस्पेन्शन आले ते या सैद्धान्तिक विवेचनातून नव्हे. ते आले हवेमुळे. हवेचा खाली दाबणारा जोर, ज्याला डाउनफोर्स म्हणतात, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. १९६०च्या दशकाच्या अखेरीस गाड्यांवर उंच खांबांवर बसविलेले पंख आले आणि ते कधी कधी थेट चाकांच्या आधारांना जोडलेले असत. १९६९ साली बार्सिलोनातील मोंजुइक येथे लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडून भीषण अपघात झाल्यावर अशा पंखांना मनाई झाली आणि हवेवर परिणाम करणारा कोणताही भाग सांगाड्याशी घट्ट बांधलेला व अचल असला पाहिजे, असे तत्त्व नियमांत रुजले. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढील सर्व फिर्यादी याच कलमाखाली दाखल झालेल्या आहेत.

१९७७-७८मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाने गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचाच उपयोग करून गाडी जमिनीकडे ओढून घेण्याची युक्ती साधली, आणि लोटस ७९च्या बळावर मारिओ आंद्रेत्ती अजिंक्य ठरले. पण पोटाखालचे अंतर काही मिलिमीटरांनी बदलले की हा जोर बदलू लागला. जोर वाढला की गाडी खाली बसे, खाली बसली की हवेचा प्रवाह तुटे, प्रवाह तुटला की गाडी वर उसळे, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होई. लोटस ८० ही गाडी याच उसळीने वाया गेली. उपाय म्हणून स्प्रिंगा इतक्या कडक करण्यात आल्या की सस्पेन्शन नावापुरते उरले आणि सारे धक्के चालकाच्या पाठीच्या कण्याने सोसावयाचे. १९८१ साली नियमकर्त्यांनी पोटाखालची हवा अडवून धरणारे कडांचे सरकते पडदे बंद करून पोटाखाली सहा सेंटिमीटर अंतराची सक्ती केली, तेव्हा ब्रॅबहॅम संघाचे गॉर्डन मरे यांनी अशी हायड्रॉलिक योजना बसविली की गाडी तपासणीच्या वेळी सहा सेंटिमीटर उंच उभी असे आणि वेगात हवेच्या दाबाने खाली बसे. नियमाच्या शब्दाचे पालन आणि हेतूचा पराभव एकाच यंत्राने साधल्याचे हे उदाहरण या क्षेत्राच्या पुढील सबंध इतिहासाची नांदी म्हणावयास हरकत नाही.

दोन वाटा

लोटस संघातील पीटर राइट आणि क्रॅनफिल्ड येथील विमानविद्येच्या संस्थेतील डेव्हिड विल्यम्स यांनी आखलेल्या सक्रिय सस्पेन्शनचा प्रयोग प्रथम लोटस एस्प्रिट या रस्त्यावरील गाडीवर झाला. विमानांच्या नियंत्रणासाठी विकसित झालेले सर्व्हो व्हॉल्व्ह व त्वरणमापक येथे चाकांच्या सेवेस लागले. १९८३च्या हंगामातील पहिल्या दोन शर्यती नायजेल मॅन्सेल यांनी या यंत्रणेसह लोटस ९२ चालवून पार पाडल्या. पण त्याच वर्षी सपाट तळाचा नियम अमलात आल्याने तिची मुख्य निकडच नाहीशी झाली होती, आणि भार व बिघाड यांना कंटाळून संघ पुन्हा स्प्रिंगांकडे वळला. १९८७ साली लोटस ९९टीमध्ये ती परत आली. त्या वर्षी आयर्टन सेना यांनी मोनॅको आणि डेट्रॉइट या दोन शर्यती जिंकल्या. सक्रिय सस्पेन्शनच्या गाडीचे हे पहिले विजय. दोन्ही शहरी रस्त्यांवरील, खडबडीत शर्यती होत्या हा योगायोग नव्हे. डेट्रॉइटला सेना यांनी टायर बदलण्यासाठी थांबाही घेतला नाही, कारण चाकांवरील भार सारखा राहिल्याने टायरांची झीज कमी झाली.

लोटसची महत्त्वाकांक्षा मोठी होती : स्प्रिंगचे काम जवळजवळ पूर्णतः ॲक्च्युएटरने करावे, प्रत्येक खळग्याला यंत्रणेने स्वतः प्रतिसाद द्यावा. त्यासाठी अतिशय चपळ व्हॉल्व्ह, तेलाचा मोठा प्रवाह आणि इंजिनाच्या शक्तीतून मोठा वाटा द्यावा लागे. विल्यम्स संघाने पॅट्रिक हेड यांच्या देखरेखीखाली निराळा मार्ग धरला. खळगे वायूच्या स्प्रिंगनेच सोसावेत; संगणकाने फक्त मंद हालचाली, म्हणजे वेगाने, ब्रेकने व वळणाने होणारे गाडीचे बसणे-उठणे, तेवढे सांभाळावे. १९८७ साली मोन्झा येथे नेल्सन पिके यांनी या यंत्रणेसह विजय मिळविला. मात्र १९८८मध्ये तीच यंत्रणा इतकी बेभरवशाची ठरली की सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या तोंडावर, शुक्रवार आणि शनिवार यांच्या दरम्यान, संघाने ती काढून साध्या स्प्रिंगा बसविल्या, आणि आता या संघातून धावणारे मॅन्सेल दुसरे आले.

या दोन वाटांतील भेद माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली आहे. विल्यम्स संघाने रस्त्याच्या खडबडीतपणाशी सामना करण्याचा नाद सोडून केवळ हवेला हवा तसा तळ राखण्याचे काम यंत्रणेवर सोपविले, आणि तेथेच ती जिंकली. १९९२च्या एफडब्ल्यू१४बी या गाडीच्या वायुगतिकीची रचना एड्रियन न्यूई यांची होती. गाडी कोणत्या वेगाला, कोणत्या कोनात, किती उंचीवर असावी हे ठरवून दिले की सस्पेन्शन ती तेथे धरून ठेवी. सरळ रस्त्यावर मागची बाजू खाली घेऊन पोटाखालचा प्रवाह मुद्दाम तोडावा, म्हणजे हवेचा अडथळा कमी होऊन वेग वाढेल, असा उपयोगही त्यातून निघाला. या टप्प्यावर सस्पेन्शन हे चाकांचे अंग राहिले नव्हते. ते पंखांचे अंग झाले होते.

त्या वर्षी मॅन्सेल यांनी पहिल्या पाच शर्यती ओळीने जिंकल्या, एकूण नऊ जिंकल्या आणि ऑगस्टमध्ये हंगेरीतच अजिंक्यपद निश्चित केले. त्यांचे सहकारी रिकार्डो पात्रेसे यांनी त्याच गाडीत एक शर्यत जिंकली. सिल्व्हरस्टोनच्या पात्रता फेरीत पात्रेसे दुसरे होते, पण मॅन्सेल यांच्याहून जवळजवळ दोन सेकंदांनी मागे. गाडी वळणात शिरताना तिचे अंग कलत नसल्याने चालकाला नेहमीचा इशारा मिळत नसे. पकड आहे यावर आधी विश्वास ठेवून नंतर तिचा प्रत्यय घ्यावा लागे. पूर्वी दोन वेळा या तंत्राचा कडू अनुभव घेतलेल्या मॅन्सेल यांनी तो विश्वास ठेवला आणि पात्रेसे यांना तो तितका ठेवता आला नाही, असे त्या हंगामाचे जाणकार सांगतात. यंत्रणेने चालकाचे कौशल्य निरर्थक केले, या आक्षेपाचा विचार करताना हे दोन सेकंद विसरता येत नाहीत.

मनाई आणि पक्षोपपक्ष

१९९३ सालच्या जूनमध्ये माँट्रियल येथे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या तांत्रिक अधिकाऱ्यांनी असा अहवाल दिला की मैदानातील जवळजवळ सर्व गाड्या नियमबाह्य आहेत : सक्रिय सस्पेन्शन गाडीची उंची बदलून हवेवर परिणाम घडविते, म्हणून ते अचलतेच्या कलमाचा भंग करते. सबंध क्षेत्रच बेकायदा ठरविणे व्यवहार्य नव्हते. वाटाघाटी होऊन १९९४पासून सक्रिय सस्पेन्शन, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ब्रेकची अँटी-लॉक यंत्रणा या सर्वांवर मनाईचा अंमल सुरू झाला. महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोझ्ली यांची भूमिका अशी होती की खर्च आटोक्यात यावा आणि गाडी चालकाने चालवावी.

मनाईच्या समर्थकांचे म्हणणे चार बाबींचे आहे. पहिली बाब कौशल्याची : उंचावणारी, कलणारी, घसरणारी गाडी ताब्यात ठेवणे हाच या खेळाचा गाभा असून यंत्राने ते काम काढून घेतले तर स्पर्धा अभियंत्यांची होते. दुसरी खर्चाची : श्रीमंत संघ संगणकाच्या आज्ञावलीवर अमर्याद पैसा ओततील आणि लहान संघ बुडतील. तिसरी तपासणीची : मोजपट्टीने पंख मोजता येतो, पण आज्ञावलीत काय दडले आहे हे पाहणे निरीक्षकांना कठीण. चौथी, आणि सर्वांत गंभीर, सुरक्षिततेची. स्प्रिंग मोडण्यापूर्वी बहुधा थकते. हायड्रॉलिक यंत्रणा मात्र एका क्षणात दाब गमावू शकते, आणि ज्या गाडीची पकड नेमक्या उंचीवर अवलंबून आहे तिची उंची एकदम बदलली तर चालकाच्या हाती काही उरत नाही. १९९३ साली स्पा येथे अलेस्सांद्रो झनार्डी यांच्या लोटसला झालेल्या भयंकर अपघातास यंत्रणेतील असाच बिघाड कारण मानला गेला. त्याच वर्षी एस्तोरिल येथे गेरहार्ड बर्गर यांची फेरारी पिटमधून बाहेर पडताच उचंबळून ट्रॅकच्या आडवी गेली आणि भरधाव येणाऱ्या गाड्यांच्या मधून थोडक्यात बचावली.

विरोधी पक्ष यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो, आणि ते उत्तरही दुर्लक्षणीय नाही. कौशल्य नाहीसे होत नाही, त्याचे स्वरूप पालटते. सुरक्षिततेविषयी त्यांचे म्हणणे असे की स्थिर उंचीची गाडी ही अधिक विश्वासार्ह पकडीची गाडी होय. उलट कडक स्प्रिंगांवर जमिनीलगत धावणारी निष्क्रिय गाडी खळग्यावर आदळली की तिची पकडही क्षणात जाते. १९९४ साली सक्रिय यंत्रणा काढून घेतलेली विल्यम्सची एफडब्ल्यू१६ ही गाडी हवेच्या दृष्टीने अस्थिर निघाली, हे न्यूई यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. त्या वर्षी इमोला येथे घडलेल्या दोन मृत्यूंचा उल्लेख या संदर्भात वारंवार होतो, पण तो जपून केला पाहिजे. रोलँड रात्झेनबर्गर यांचा अपघात पुढचा पंख निकामी झाल्याने घडला, आणि सेना यांच्या अपघाताच्या कारणांविषयी आजही एकमत नाही. तेव्हा हे मृत्यू मनाईच्या खात्यावर मांडणे न्यायाला धरून होणार नाही.

एका बाबीत मात्र दोन्ही पक्षांचा पुरावा अपुरा आहे, आणि ते स्पष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. १९९२च्या विल्यम्समध्ये रेनॉल्टचे दहा सिलिंडरांचे उत्कृष्ट इंजिन होते, न्यूईंची वायुगतिकी होती, ट्रॅक्शन कंट्रोल होता आणि अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स होता. या समुच्चयातून सस्पेन्शनचा हिस्सा काढून दाखविणे बाहेरच्या अभ्यासकाला शक्य नाही. त्या हंगामाच्या निकालांवरून तंत्राची थोरवी सिद्ध करणारे आणि त्याच निकालांवरून त्याचा धोका सिद्ध करणारे, दोघेही एकाच अपुऱ्या दाखल्यावर निवाडा देत असतात.

मनाईनंतरची खटपट

हुकूम निघाल्याने गरज संपली नाही. गाडीचा तळ स्थिर राखण्याची निकड होती तशीच राहिली आणि अभियंते ती ऊर्जा व संगणक यांवाचून भागवू लागले. केंब्रिजचे माल्कम स्मिथ यांनी २००२ साली इनर्टर या, आपल्या दोन टोकांमधील सापेक्ष त्वरणाला विरोध करणाऱ्या, नव्या यांत्रिक घटकाचा सिद्धान्त मांडला, आणि २००५मध्ये मॅक्लारेन संघाने तो गुपचूप शर्यतीत उतरविला. रेनॉल्ट संघाने २००५च्याच सुमारास गाडीच्या नाकात स्प्रिंगवर टांगलेले एक वजन बसविले. गाडी एका दिशेने डोलू लागली की ते विरुद्ध डोले आणि पुढच्या टायरवरील भार सारखा राही. हे वजन बाहेरच्या हवेला कोठेही लागत नव्हते. तरीसुद्धा २००६ साली जर्मनीतील शर्यतीच्या पंचांनी त्यास मान्यता दिल्यावर महासंघाने आपल्याच पंचांच्या निर्णयाविरुद्ध अपील केले, आणि त्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने हे वजन चल वायुगतिकीय साधन असल्याचा निवाडा दिला. या निवाड्याचा तर्क शेवटापर्यंत ताणला तर साधी स्प्रिंगही अवैध ठरेल, कारण तीही उंची बदलू देते. प्रश्न प्रमाणाचा व हेतूचा आहे, आणि हेतू मोजण्याचे परिमाण कोणत्याही नियमपुस्तकात नाही.

त्यानंतर पुढच्या व मागच्या सस्पेन्शनला तेलाच्या नळ्यांनी जोडून, ब्रेकच्या वेळी नाक खाली जाण्यास अटकाव करणारी योजना अनेक संघांनी स्वीकारली, आणि तीही २०१४च्या जुलैमध्ये हंगामाच्या मध्यावरच निकालात निघाली. २०२२ साली पोटाखालच्या हवेचे तत्त्व पुन्हा नियमांत आले. त्याच वेळी इनर्टरला मनाई झाली आणि चाके तेरा इंचांऐवजी अठरा इंचांची झाल्याने टायरच्या उंच भिंतीतून मिळणारी लवचीकताही घटली. लोटस ८०ची उसळी चार दशकांनी परत आली. बाकू येथील शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन यांना गाडीतून उतरणे कठीण झाले होते. महासंघाने त्या ऑगस्टपासून उभ्या हादऱ्यांवर मोजमापाची मर्यादा घातली. सक्रिय सस्पेन्शनने हे दुखणे मुळातच राहिले नसते असे काही चालकांनी व अभियंत्यांनी तेव्हा उघड बोलून दाखविले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोडून काढणे अवघड आहे.

रस्त्यावरची गाडी

रस्त्यावरील गाडीचा इतिहास समांतर आहे, पण त्याची प्रेरणा निराळी. १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन डीएस अवतरली, तिच्या तेल-वायूच्या सस्पेन्शनचे जनक पॉल माजेस. उंची आपोआप राखणारी ती पहिली मोठी यशस्वी मोटार. १९९०च्या आसपास निस्सान आणि टोयोटा यांनी पूर्ण सक्रिय गाड्या विक्रीस काढल्या. खर्च, भार आणि इंधन यांच्या हिशेबात त्या टिकल्या नाहीत. मर्सिडीजने १९९९ साली मंद हालचालींपुरते सक्रिय असे सस्पेन्शन आणले आणि २०१३मध्ये त्याला पुढचा रस्ता पाहणारा दुहेरी कॅमेरा जोडला. कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र, ध्वनियंत्रांसाठी विख्यात असलेले अमर बोस, यांनी १९८०पासून विद्युत्चुंबकीय मोटरवर चालणाऱ्या सस्पेन्शनचा ध्यास घेतला. २००४ साली त्याचे प्रात्यक्षिक झाले तेव्हा गाडी अडथळ्यावरून उडी मारून जाताना लोकांनी पाहिली, पण किंमत व वजन यांमुळे ते बाजारात उतरले नाही आणि २०१७मध्ये ते तंत्र क्लिअरमोशन या कंपनीकडे गेले.

यापेक्षा खूपच मोठा प्रसार अर्धसक्रिय तंत्राचा झाला. चुंबकीय क्षेत्राने दाटपणा बदलणारे तेल वापरणारे शॉक अब्सॉर्बर २००२ साली कॅडिलॅकमध्ये आणि लगेच कॉर्व्हेटमध्ये आले, पुढे फेरारीनेही ते स्वीकारले. आपल्याकडे चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्राच्या नव्या विजेरी गाड्यांपर्यंत अर्धसक्रिय सस्पेन्शन पोचले आहे, यावरून कार्नॉप यांचा १९७४चा निष्कर्ष किती व्यवहार्य होता हे दिसते.

पूर्ण सक्रिय यंत्रणेस नवे बळ मिळाले ते गाडीतील विजेचा दाब वाढल्यामुळे. बारा व्होल्टच्या विजेवर इतकी शक्ती क्षणार्धात पुरविणे कठीण. अठ्ठेचाळीस किंवा त्याहून अधिक व्होल्टवर ते सुकर झाले. २०२२च्या फेरारी पुरोसांग्वेमध्ये मल्टिमॅटिक कंपनीने बनविलेल्या शॉक अब्सॉर्बरला विजेची मोटर जोडलेली आहे. पोर्शेने २०२४च्या टायकान आणि पानामेरा या गाड्यांत प्रत्येक चाकाला स्वतंत्र पंप दिला. येथे मात्र मी ज्या दोन प्रयोजनांचा आरंभी उल्लेख केला, ती ठळकपणे विलग होतात. पुरोसांग्वे ही चार दारांची, उंच बैठकीची गाडी आहे. तिला सक्रियता हवी ती अंग कलू न देण्यासाठी आणि प्रवाशांना सुख देण्यासाठी. त्याच कंपनीच्या २९६ जीटीबी या गाडीची ट्रॅकसाठी सज्ज केलेली आवृत्ती घ्यावी, तर तिच्यात चुंबकीय तेलाचे शॉक अब्सॉर्बर काढून मल्टिमॅटिकचेच निष्क्रिय शॉक अब्सॉर्बर दिले जातात. याउलट २०१३ची मॅक्लारेन पी१, जिला कोणत्याही शर्यतीचे नियम बंधनकारक नव्हते, ती शर्यतीच्या स्थितीत पन्नास मिलिमीटर खाली बसते आणि विल्यम्सने जे केले तेच करते : पोटाखालच्या हवेची सेवा. डाउनफोर्स जेथे मोठा तेथे सक्रियतेचा लाभ निर्विवाद, आणि जेथे तो बेताचा तेथे हलके व भरवशाचे निष्क्रिय सस्पेन्शन अजूनही तुल्यबळ, असा निष्कर्ष या उदाहरणांतून काढावासा वाटतो.

अनिर्णित मुद्दे

चालकाला मिळणाऱ्या जाणिवेचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. गाडीचे कलणे व बसणे हा पकडीचा अंदाज देणारा संदेश असेल, तर यंत्रणेने तो संदेश किती शिल्लक ठेवावा? आजच्या रस्त्यावरील गाड्यांत हेतुपुरस्सर थोडे कलणे राखले जाते. काही गाड्या तर वळणात आतल्या बाजूस झुकतात, आणि ते सुखद की संभ्रमकारक याविषयी चालकांत दुमत आहे. दुसरा प्रश्न ऊर्जेचा : विजेरी गाडीत सस्पेन्शनला लागणारा प्रत्येक वॉट पल्ल्यातून वजा होतो, आणि खळग्यांतून ऊर्जा परत मिळविण्याचे दावे चांगल्या रस्त्यावर फारसे फलदायी ठरण्यासारखे नाहीत, कारण चांगल्या रस्त्यावर परत मिळविण्याजोगी ऊर्जाच थोडी असते.

खर्चाचा युक्तिवाद तर उलटा फिरला आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीत तेलाचा पंप आणि सर्व्हो व्हॉल्व्ह गिअरबॉक्सादी कामांसाठी आजही असतातच. संगणक स्वस्त झाले. उलट निष्क्रिय मार्गाने तेच साध्य गाठण्यासाठी घडविलेले सूक्ष्म यांत्रिक भाग अतिशय महाग पडतात. म्हणून सर्व संघांना एकच प्रमाणित यंत्रणा व एकच मर्यादित आज्ञावली द्यावी, ही तजवीज २०२२ला अमलात आलेल्या नियमांच्या पूर्वतयारीत चर्चेला आली होती आणि ती मागे पडली. तिच्या विरोधकांचा आक्षेप असा की यंत्रणा एकच असली तरी तिला कोणती उंची सांगावयाची हे प्रत्येक संघ आपल्या वायुगतिकीप्रमाणे ठरविणार, म्हणजे स्पर्धा मिटणार नाही, केवळ तिची जागा बदलेल. समर्थक हे मान्य करतात. त्यांच्या मते ती जागा अधिक सुरक्षित आहे.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. ज्या अचलतेच्या कलमाखाली १९९३ची फिर्याद उभी राहिली, त्याला २००९ साली चालकाला हलविता येणाऱ्या पुढच्या पंखाच्या फळीने पहिला अपवाद मिळाला, २०११मध्ये सरळ रस्त्यावर उघडणाऱ्या मागच्या पंखाने दुसरा, आणि २०२६च्या नियमांनुसार पुढचे व मागचे दोन्ही पंख वळणासाठी एक आणि सरळ रस्त्यासाठी दुसरी अशा स्थिती घेतात. पंखाने उघडपणे हलावे याला आज मान्यता आहे. सस्पेन्शनने गाडी हलवून तोच परिणाम साधण्याला नाही. त्यामुळे कलमाचा आधार घेऊन मनाईचे समर्थन करणे यापुढे कठीण जाईल, आणि नियमकर्त्यांना ती टिकवावयाची असेल तर कौशल्य, बिघाडाचा धोका आणि तपासणीची अडचण या तिन्ही कारणांचा, प्रत्येकाच्या स्वतंत्र पुराव्यासह, नव्याने विचार करावा लागेल.